हुशार मुलांची वेगळी तुकडी लांबच्या इमारतीत हलवताहेत, मुलीला पाठवू का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. मुलगी चौथीत, पाथर्डी फाट्याकडच्या अनुदानित सेमी इंग्रजी शाळेत, वर्गात सत्तरच्या आसपास मुलं. शाळेनं मध्यंतरी एक टेस्ट घेतली आणि आता संस्था म्हणतेय की जूनपासून टेस्टमधली वरची मुलं पंचवटीतल्या जुन्या इमारतीत 'प्रज्ञा वर्ग' म्हणून बसवू, म्हणजे इकडची गर्दीही कमी होईल आणि हुशार मुलांकडे नीट लक्षही देता येईल. तुमच्या मुलीचं नाव यादीत आलंय, धाकटा पहिलीत, तो इथेच राहणार. पालकांमध्ये दोन तट पडलेत, एक म्हणतो चालून आलेली संधी सोडू नका, दुसरा म्हणतो आमच्या मुलांनी काय घोडं मारलंय, आणि यादीत नाव असूनही तुमचा जीव वरखाली होतोय.

मी आधी शिष्यवृत्तीचे वर्ग घ्यायचे, नंतर मुलांच्या क्षमता चाचण्या आणि पालकांशी बोलणं हेच काम झालं, नाशिकमध्येच सगळं. त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, कारणं नंतर. संस्थेनं दोन वेगळे प्रश्न एकाच दोरीनं बांधलेत. खोल्या कमी पडतात हा एक प्रश्न, आणि काही मुलांना वर्गात मिळतं ते पुरत नाही हा दुसरा. दोन्ही खरे आहेत. पण पहिला प्रश्न सोडवायला दुसऱ्या प्रश्नातली मुलं उचलून न्यायची हे मला पटत नाही, कारण मग मुलं निवडताना आणि वर्ग चालवताना सगळे निर्णय जागेच्या हिशेबानं होतात. किती मुलं हुशार आहेत हे टेस्ट ठरवत नाही, तिकडची खोली किती मोठी आहे ते ठरवतं. तुम्ही त्यांना एकच विचारा, यादीत एवढीच नावं का? तिकडे एवढेच बाक बसतात म्हणून, असं उत्तर आलं की काय ते समजून घ्यायचं.

आधी गर्दीचं बघू, कारण पालक सभेत तिथेच आवाज चढतात आणि नेमकं तिथलंच आतलं गणित पालकांना माहीत नसतं. नाशिक वाढतंय ते बाहेरच्या बाजूनं, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव, सातपूरच्या पुढे. बिल्डिंगा उभ्या राहिल्या त्या वेगानं शाळेच्या खोल्या झाल्या नाहीत. उलट जुन्या नाशकात, पंचवटीच्या जुन्या वस्तीत मुलं कमी होत चालली, तिथल्या इमारती आहेत पण पट घटतोय. त्यात २०२४ मध्ये शासनाचा निर्णय आला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांच्या झोपेसाठी तो निर्णय चांगलाच आहे, मी त्याच्या बाजूनं आहे, पण ज्या शाळा सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक अशा एकाच इमारतीत दोन सत्रांत चालायच्या त्यांची पार ओढाताण झाली. तुमच्या शाळेतही हेच झालं असेल तर ते संस्थेनं सरळ सांगावं, पालक समजून घेतात.

आता आतलं गणित. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं संचमान्यतेनं, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर त्या सरकारी मान्यतेनं ठरतात, आणि संचमान्यता पटावर. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं समायोजन दुसरीकडे होतं. म्हणजे इकडच्या शाळेतून पन्नास-साठ मुलं तिकडच्या पटावर गेली तर तिकडची पदं वाचू शकतात आणि इकडचं एखादं पद जाऊ शकतं. तुमच्या संस्थेचा हाच हेतू आहे असं मी म्हणत नाही, ते मला इथे बसून कसं कळणार. पण हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण याचा परिणाम थेट तुमच्या धाकट्यावर होतो. तुम्हाला वाटतंय मुलं गेली की इकडचा वर्ग मोकळा होईल. पण मुलं जाऊन सोबत एक शिक्षकही गेला तर उरलेल्या तुकड्या एकत्र करतात, आणि वर्ग पुन्हा तेवढाच भरतो. हे होताना मी पाहिलंय, आणि तेव्हा पालकांना कळतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, वर्ग लागून गेल्यावर.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, तो कोरडा वाटेल पण सगळं त्यावर आहे: पंचवटीची इमारत आपल्याच शाळेच्या यूडायस क्रमांकाखाली (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आहे की ती संस्थेची वेगळी शाळा आहे? एकच क्रमांक असेल तर ती फक्त तुकडीची जागा बदलली, मूल त्याच पटावर राहतं. वेगळा क्रमांक असेल तर तुमच्या मुलीचा दाखला काढून तिथे नवीन प्रवेश घ्यावा लागणार, आणि मग शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ आड येतं. २००९ चा हा कायदा सांगतो की प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कुठल्याही प्रकारे छाननी करता येत नाही, टेस्ट घेऊन प्रवेश द्यायचा नाही. म्हणजे टेस्टची यादी लावून दुसऱ्या शाळेत प्रवेश, हे कायद्यात बसवताना संस्थेची पंचाईत होईल. हे भांडायला सांगत नाहीये. पण मुख्याध्यापकांना हा प्रश्न शांतपणे विचारला की त्यांनी हा विचार केलाय की नाही ते लगेच लक्षात येतं.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षक किती हवेत तेही आहे. पहिली ते पाचवीला दोनशेच्या वर मुलं असतील तर मुख्याध्यापक सोडून चाळीस मुलांमागे एक शिक्षक यापेक्षा जास्त प्रमाण जाऊ द्यायचं नाही, आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे किमान एक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर तीसच्या आत म्हटलंय. तुमच्याकडे सत्तर. म्हणजे गर्दी कमी करून मिळणं हा सगळ्याच मुलांचा हक्क आहे, तो हुशार मुलांना बक्षीस म्हणून द्यायची गोष्ट नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे. पस्तीसचा वर्ग, दोन चांगले शिक्षक, वाचनालय उघडं, हे जर 'प्रज्ञा वर्गा'चं वैशिष्ट्य म्हणून सांगत असतील तर ते वैशिष्ट्य नाही, ते किमान आहे. लहान वर्गाचा फायदा कुणाला जास्त होतो यावर अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून मोठा प्रयोग झाला, काही वर्गांत १३ ते १७ मुलं, काहींत २२ ते २५, मुलं आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिलेले. लहान वर्गातली मुलं पुढे गेली, आणि जास्त फायदा झाला तो गरीब, वंचित घरांतल्या मुलांना. आपल्या सत्तरच्या वर्गात कोण सगळ्यात जास्त हरवतं याचा विचार केला की हे पटतं.

आता टेस्ट. यादी लागली की घरात पेढे येतात, आणि ज्यांचं नाव नाही त्या घरात मूल गप्प होतं, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

शाळेच्या बहुतेक टेस्ट शिष्यवृत्तीच्या धर्तीवर काढलेल्या असतात. ती परीक्षा तुम्हाला माहीतच असेल, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न दीड तासात, पहिल्यात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. परीक्षा चांगली आहे, मुलांना विचार करायची सवय लागते, मी ती आयुष्यभर शिकवलीय. पण ती परीक्षा सांगते की मुलानं या नमुन्याचे प्रश्न किती सराव करून किती वेगानं सोडवले. ज्या घरात तिसरीपासून प्रश्नसंच सोडवून घेतात त्या मुलाला अंकमालिका बघताक्षणी कळते, कारण तशी शंभर वेळा पाहिलेली असते. ज्यानं ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली आणि स्वतः शोधून काढली त्याला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत त्याचे पुढचे सहा प्रश्न जातात.

एक मुलगा सांगते, नाव नको. सिडकोतला, वडील अंबड एमआयडीसीत कामाला. चौथीत होता. व्हरांड्यात चौकोनी फरश्या होत्या, मधल्या सुट्टीत तो खडूनं एका कोपऱ्यातली एक फरशी रंगवायचा, मग तिच्या दोन बाजूंनी आणि कोनात मिळून तीन, मग त्याभोवती पाच, मग सात. मला म्हणाला, बाई, दर वेळी चौकोनच होतो बघा, आणि दर वेळी दोनच जास्त लागतात. एक, चार, नऊ, सोळा. म्हणजे क्रमानं विषम संख्या मिळवत गेलं की वर्गसंख्या मिळतात हे त्यानं खडू आणि फरशीवर शोधलं होतं, कुणी शिकवलेलं नव्हतं, त्याला वर्गसंख्या हा शब्दही नीट माहीत नव्हता. मी विचारलं शंभर फरश्यांचा चौकोन करायचा तर शेवटच्या वेळी किती नव्या लागतील, तो फरशीकडे बघत राहिला आणि म्हणाला एकोणीस. सराव परीक्षेत त्याचे मार्क मधले असायचे, कारण तो प्रत्येक प्रश्नाशी असाच खेळत बसायचा. कुठल्याही शाळेच्या एका दिवसाच्या यादीत हा मुलगा आला नसता.

दुसरी गोष्ट वयाची. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंतचं वय धरतात, त्यामुळे एकाच वर्गात जानेवारीत जन्मलेलं मूल आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल शेजारी बसतं. नऊ वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे खूप झालं. मानसशास्त्रज्ञ रीतसर चाचणी करतात तेव्हा मुलाचं वय महिन्यांसकट धरून गुण काढतात. बिने या बुद्धिमत्ता चाचणीचं डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी केलेलं रूपांतर असो की रेव्हनच्या आकृत्यांची चाचणी, वयाप्रमाणे तक्ते असतात. शाळेच्या टेस्टमध्ये हे कुणी बघत नाही. आणि रीतसर चाचणीतसुद्धा बुद्ध्यांक १३० च्या वर असणारी मुलं शंभरात साधारण दोन असतात. एका शाळेच्या एका इयत्तेत पन्नास-साठ 'गिफ्टेड' मुलं सापडली असं कुणी सांगितलं तर ती अभ्यासात चांगली मुलं आहेत, मेहनती घरांतली आहेत, त्यांचं कौतुक आहेच, पण तो वेगळा गट आहे आणि त्यांना शाळा बदलायची गरज असतेच असं नाही.

म्हणून तुमच्या मुलीबद्दल मी यादी बाजूला ठेवून विचारते. ती वर्गात कंटाळते का? कंटाळते म्हणजे अभ्यास नको म्हणते असं नाही, तर दिलेलं दहा मिनिटांत संपवून मग काय करू असं होतं का? घरी येऊन असले प्रश्न विचारते का की तुम्हाला उत्तर शोधावं लागतं? एखाद्या विषयाच्या मागे लागली की जेवायचं भान राहत नाही, असं होतं का? वहीची मागची पानं बघा, खरंच बघा, मुलं तिथे काय करतात त्यावरून जेवढं कळतं तेवढं प्रगतीपुस्तकावरून कळत नाही. स्वतःच तयार केलेली कोडी, नकाशे, गोष्टीतल्या लोकांची वंशावळ, स्वतःची लिपी, असं काही असेल तर तिला जास्तीचं खाद्य खरंच हवंय. आणि मार्क उत्तम, वर्गात खूष, मैत्रिणी चिक्कार, मागच्या पानांवर फुलं आणि फुली-गोळा, तर तीही छान वाढतेय, तिला फक्त यादीत नाव आलं म्हणून पाथर्डी फाट्यावरून उचलून पंचवटीत न्यायची गरज नाही.

पुढचा प्रश्न, तिथे नक्की शिकवणार काय. सभेत 'विशेष लक्ष', 'सर्वांगीण विकास' असं बोलतात, तिथे समाधान मानू नका. तिथलं आठवड्याचं वेळापत्रक मागा, छापलेलं. बुधवारी दुपारी चौथ्या तासाला काय आहे आणि कोण घेणार आहे एवढं विचारा. सगळ्या आठवड्यात शिष्यवृत्तीचे जादा तास, ऑलिम्पियाडचे प्रश्नसंच आणि नवोदयचा सराव एवढंच असेल तर तो परीक्षेचा क्लास झाला, तो इकडेही संध्याकाळी चालतो. हुशार मुलांसाठीचा वर्ग म्हणजे विषयात खोल जाणं, प्रकल्प, प्रयोग, वाद घालणं, एखादी गोष्ट महिनाभर धरून ठेवणं, चुकायला वेळ मिळणं. आपल्या महाराष्ट्रात हे काम कसं करायचं याचं उदाहरण पुण्यात आहे, ज्ञान प्रबोधिनी, १९६२ साली आप्पा पेंडशांनी सुरू केली आणि १९६९ मध्ये प्रशाला. तिथे मुलं निवडण्याच्या आधी कशासाठी निवडायची यावर वर्षानुवर्षं विचार झाला, माणसं तयार झाली. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत इमारत रंगवून असा वर्ग होत नाही.

शिक्षक कोण हे तर सगळ्यात आधी. नाव विचारा. आत्ता नाव ठरलेलं नसेल तर वर्गही ठरलेला नाही असंच समजा.

आता एक गोष्ट जी संधी-संधी म्हणणाऱ्या पालकांना रुचत नाही, पण मी सांगतेच. वर्गात पहिली येणारी मुलं एकत्र बसवली की त्यातलं कुणीतरी तिसावं येतं. ऑस्ट्रेलियातले हर्बर्ट मार्श म्हणून शिक्षण मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८० च्या दशकापासून यावर काम केलंय, की त्याच कुवतीचं मूल जास्त हुशार मुलांच्या वर्गात गेलं की स्वतःबद्दलचं त्याचं मत खाली येतं, कारण मूल स्वतःला आजूबाजूच्यांशी ताडून बघतं. हे अनेक देशांत दिसलंय. याचा अर्थ पाठवू नये असा नाही. ज्या मुलाला आपल्यासारखं डोकं चालणारी सोबत आजवर मिळालेलीच नाही त्याला तिथे पहिल्यांदा श्वास घेता येतो, असंही मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ज्या मुलीचा आनंद पहिल्या नंबरावर उभा आहे आणि घरातही नंबरावरच कौतुक होतं, तिच्यासाठी हा बदल जड जातो. तुमची मुलगी यातली कुठली हे तुम्हालाच माहीत.

अंतराचं तर बोलायलाच नको, पण बोलते. पाथर्डी फाटा ते पंचवटीतलं निमाणी म्हणजे मुंबई नाका, द्वारका ओलांडून जायचं. द्वारकेला सकाळी काय होतं ते तुम्ही रोज बघता, आणि २०२७ च्या सिंहस्थाची कामं आहेत, रस्ते अजून काही काळ उखडलेलेच राहणार. अंतर आठ-दहा किलोमीटरच आहे पण व्हॅनवाला पंधरा मुलांना गोळा करत जातो, त्यामुळे जायला पाऊण तास, यायला तासभर धरा. रोजचे पावणेदोन तास दहा वर्षांच्या मुलीच्या खेळण्यातून आणि झोपेतून जातात, दुसरीकडून कुठून येणार? त्यात धाकट्याची वेळ वेगळी, तुम्ही लिहिलंय की सासरे दोघांना आणतात-सोडतात, तेही कोलमडणार. शाळेला परिवहन समिती असावी लागते, २०११ पासूनचा नियम आहे, त्या समितीनं नव्या इमारतीसाठी बस, मदतनीस, थांबे काय ठरवलंय ते विचारा. 'पालकांनी आपापलं बघावं' असं उत्तर असेल तर या वर्गाची पहिली चाळणी बुद्धीची नाही, घरात गाडी आणि मोकळं माणूस असण्याची आहे. यादीत नाव असलेली किती मुलं याच कारणानं जाणार नाहीत ते तुमच्याच वर्गात विचारून बघा.

मागे राहणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न दुसरा तट विचारतोय आणि तो रास्त आहे. आपण सगळे अ तुकडी, ब तुकडीत वाढलोय. ड तुकडीत कुठले शिक्षक जायचे आणि तिथे काय बोललं जायचं हे आपल्या पिढीला कुणी सांगायला नको. एका इयत्तेतून पटापट उत्तर देणारी, प्रश्न विचारणारी मुलं काढून घेतली की उरलेल्या वर्गाचा आवाज बदलतो, शिक्षकही नकळत अपेक्षा खाली आणतात, आणि मुलांना ते फार लवकर कळतं. नवव्या वर्षी एका टेस्टवरून ही रेघ ओढायची तर ती पुसायची सोयही पाहिजे. दर वर्षी नवीन मुलं येऊ शकतात का, ज्याला नको वाटलं त्याला परत येता येतं का, तेव्हा इकडे जागा राखलेली असेल का, हे लेखी असल्याशिवाय मी कुठल्याही पालकाला हो म्हणायला सांगणार नाही.

मग हुशार मुलांसाठी काही करायचंच नाही का? करायचं, आणि याच शाळेत करता येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांबद्दल वेगळा भाग आहे, त्यात विषयांची मंडळं, प्रकल्प, शाळा-शाळांनी मिळून चालवायचे क्लब असंच सुचवलंय. मुलं आपल्याच वर्गात राहतात, आठवड्यातून दोन-तीन तास एका गटात बाहेर पडतात, गणिताचा गट, भाषेचा गट, निरीक्षणाचा गट. गणितात पुढे असलेलं मूल भाषेत साधारण असू शकतं, त्यामुळे गट बदलतात आणि कुणाच्या कपाळावर शिक्का बसत नाही. फरशीवाल्या मुलाला गणिताच्या गटात कुणीही शिक्षक डोळे झाकून घेतील. याला एक खोली आणि एक मनापासून काम करणारा शिक्षक लागतो, शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर खोली मिळते. पंचवटीच्या इमारतीतल्या रिकाम्या खोल्यांचं करायचंच असेल तर या गटांची महिन्यातून एकदा दोन्ही शाळांची मिळून कार्यशाळा तिथे घ्या की.

गर्दीसाठी काही वर्ग हलवायचेच असतील तर संपूर्ण इयत्ता हलवा, पाचवी ते सातवी पूर्ण तिकडे, बस शाळेची. किंवा जे पालक पंचवटी, आडगाव, म्हसरूळकडून इकडे येतात त्यांना आधी विचारा, प्रत्येक शाळेत अशी मुलं असतात आणि त्यांना जवळची इमारत मिळाली तर ते आनंदानं जातील. पत्त्यावरून मुलं वाटली तर कुणाचा अपमान होत नाही.

परीक्षांचं म्हणाल तर त्या शाळा बदलल्याशिवायही देता येतात. शिष्यवृत्ती आहेच, इयत्ता आधी चौथी-सातवी होत्या, २०१६-१७ पासून पाचवी-आठवी झाल्या, २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला घ्यायचा निर्णय झाला, म्हणून शाळेकडून यंदाचं परिपत्रक बघून घ्या. सहावीत मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहे, त्यात प्रयोग आणि प्रकल्प असल्यामुळे मला ती आवडते. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि नववी ते बारावी वर्षाला बारा हजार मिळतात. तुमच्या वर्गातल्या गरजू पालकांना ही माहिती आवर्जून द्या, यादीच्या गडबडीत हे कुणी सांगत नाही. आणि खरोखर वेगळी शाळाच हवी असेल तर दिंडोरी तालुक्यात खेडगावला नवोदय आहे, सहावीपासून, निवासी, मोफत, पण पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात आणि मूल लांब राहायला तयार पाहिजे. तो सरळ वेगळा मार्ग आहे, त्यात कुणाची जागा रिकामी करायचा हिशेब नसतो.

तर तुमच्या बाबतीत मी काय करीन. आत्ता आहे त्या माहितीवर मी पाठवणार नाही. शिक्षकाचं नाव, वेळापत्रक, बस आणि परतीची सोय या चार गोष्टी लेखी आल्या आणि वह्यांची मागची पानं बघून तुम्हाला वाटलं की मुलीला खरंच गरज आहे, तर दिवाळीपर्यंत पाठवून बघेन आणि सुट्टीत तिच्याशी बसून बोलेन. इकडच्या वर्गशिक्षिकेलाही आधी एकटं भेटा, सभेत त्या बोलणार नाहीत पण तुमच्या मुलीला त्यांनी वर्षभर पाहिलंय.

सभेत दोन्ही तटांनी एकमेकांशी भांडू नका. यादीतले आणि यादीबाहेरचे पालक मिळून एक अर्ज करा, मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अनुदानित शाळेत तिचं काम सल्ल्यापुरतं आहे हे खरं, पण समितीच्या इतिवृत्तात नोंद झाली की संस्थेला उत्तर टाळणं अवघड जातं. अर्जात आरोप नकोत. यूडायस क्रमांक, दोन्हीकडची जूनची शिक्षकसंख्या, निवडीचा निकष आणि वयाचा विचार झाला का, बस, परत यायची मुभा, आणि मुलं गेल्यावर इकडे प्रत्येक तुकडीत किती मुलं राहणार, एवढंच विचारा आणि आठ दिवसांत लेखी उत्तर मागा. उत्तर आलं नाही तर तीच प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. दाखला मात्र घाईनं काढू नका, संस्था 'आत्ता सही करा, जागा भरतील' म्हणेल तरी. एकदा दाखला निघाला की इकडची जागा गेली.

शेवटी तुम्ही विचारलंय की मुलीच्या जिवलग मैत्रिणीचं नाव नाही, तिच्या आईला काय सांगू. तिला हे सगळं वाचायला द्या आणि अर्जावर पहिली सही तिची घ्या. दोघी मुलींना घरी एवढंच सांगा की शाळा खोल्यांची व्यवस्था करतेय आणि मोठी माणसं त्यावर बोलताहेत, कोण जास्त हुशार हे त्यातून ठरत नाहीये. मुलगी जायचं की नाही यावर काही म्हणत असेल तर तेही ऐका, मैत्रीण नाही म्हणून नको म्हणाली तरी ते कारण छोटं समजू नका. आणि धाकट्याच्या वर्गाचं काय होणार याचं उत्तर आल्यावर मला नक्की कळवा, त्याप्रमाणे पुढचं सांगते.